दोन द्रावणांमधली रेषा

सांडोर गावातल्या आपल्या घरात, जिन्याखालच्या कपाटात रोवेनाने काचेची एक नळी उभी करून ठेवली होती. तळाशी तिने स्वतः बनवलेल्या सेंद्रिय रेणूचं द्रावण, त्यावर जस्ताच्या क्षाराचं. मधल्या रेषेपाशी दोन्ही हळूहळू एकमेकांत झिरपायची. जस्ताचे अणू म्हणजे सांधे, रेणू म्हणजे वासे. नीट जुळले तर आतून पोकळ असा स्फटिक. हे रेणू सगळे एकाच हाताचे, डावे-उजवे मिसळलेले नव्हेत, त्यामुळे डाव्या हातमोज्यात डावाच हात जावा तसा त्या पोकळ्यांत एकाच घडणीचा पाहुणा रेणू मावणार होता. नळी हलली, तर नुसता पांढरा चिखल.

मुंबईतल्या प्रयोगशाळेशेजारी नव्या इमारतीच्या पायासाठी घण पडत होते. तिथे प्रत्येक नळीचा चिखलच झाला, म्हणून उरलासुरला रेणू ती घरी घेऊन आली. या खेपेला स्फटिक आला नाही तर संशोधनाचा विषय बदला, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं.

आज सकाळी काचेला तीन चमकते ठिपके दिसले. आणि आजच संध्याकाळी शेजारच्या स्टीवनच्या लग्नाची वरात बँड घेऊन आळीत येणार होती.

ती स्टीवनच्या आईकडे, कार्मिन मावशीकडे गेली. "मावशी, आमच्या दारात बँड नको वाजवायला सांगशील?"

मावशी हार ओवत होती. ती थांबली. "काय गो, कोण मेलंय तुमच्याकडे?"

आळीची रीतच तशी होती. बँड दारोदार थांबून वाजवायचा, घरची बाई वरातीपुढे नाचायची. दुखवट्याच्या दारावरून तेवढा तो मुकाट्याने जायचा.

"एक नळी आहे गं. हादरली तर…"

"तुझ्या नळ्या रोजच्याच. माझा पोरगा आज एकदाच नवरा होतोय!"

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. नळी उचलून दुसरीकडे न्यावी, तर उचलतानाच हलणार. "जाऊन सांगितलंस?" आई, व्हेरोनिका, नवं लुगडं सावरत म्हणाली. "आता सगळी आळी विचारेल."

लांबून ढोल ऐकू आला. रोवेनाचा चेहरा पाहून आईने वरातीसाठी दारात मांडलेलं सरबताचं टेबल एका बाजूने धरलं.

"धर ते टोक."

"कुठे नेतेस?"

"वळणावर, विहिरीपाशी. आपलं दार आज तिथे."

टेबल पोचवून रोवेना धावतच परतली आणि कपाटासमोर बसली. बाहेरून मावशीचा आवाज आला, "व्हेरोनिका, घर उचलून आणलंस की काय?"

"दारच आणलंय. वाजवा रे!"

ढोल दणाणला. रेषा थरथरली. एक ठिपका सुटून तळाशी गेला. रेषा स्थिरावली, मिसळली नाही. मग नुसती पावलं दारावरून पुढे गेली.

आई घामाघूम होऊन आली. "राहिलं का काही?"

"दोन."

"पुरतील?"

"तपासायला एकही पुरतो. पण चांगला निघायला हवा."

"ते काय, जावयाचंही तसंच," म्हणत आई हाशहुश करत पायरीवर बसली. रोवेना हसली, पण नजर नळीवरून हलवली नाही.