रिस्लिंग आणि रॉकेलचा डबा

मेहुण्याने पेला माझ्या नाकाखाली धरला. वासाचं नाव मला लगेच सुचलं आणि ते तोंडातून निसटू नये म्हणून मी जीभ चावली.

"रॉकेल," तोच म्हणाला. "येतोय ना, दाजी? तुमचं नाक गॅरेजचं. तुम्हीच सांगा."

"थोडासा येतोय," मी म्हणालो.

थोडासा कसला, चांगला भरभरून येत होता. सत्तावीस वर्षं मी गॅरेज चालवतोय. पेट्रोल, डिझेल, थिनर मला डोळे मिटून ओळखता येतात, आणि गाडीचा मालक खोटं बोलत असेल तर तेही. बाटली अकरा वर्षांपूर्वीची होती, सासऱ्यांच्या बागेतल्या पांढऱ्या द्राक्षाची. या द्राक्षाचं नाव रिस्लिंग. उतारावर त्याच्या चौदा ओळी आहेत, सासूबाई असताना दोघांनी मिळून लावलेल्या.

सासरे महिन्यापूर्वी पायरीवरून घसरले आणि पायाचं हाड मोडून घेतलं. शस्त्रक्रिया झाल्यापासून ते आमच्याच घरी, पुढच्या खोलीत झोपून होते. बाग मेहुणा बघत होता. शहरातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो परत आला होता. त्या आठवड्यात एका हॉटेलचा मालक वाइन चाखायला आला. सासऱ्यांनी या एका वर्षाच्या दोनशे बाटल्या मागे ठेवल्या होत्या, म्हणून मेहुण्याने कौतुकाने तीच उघडली. पाहुण्याने एक घोट घेतला, पेला ठेवला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघून गेला. मेहुण्याने आणखी तीन बाटल्या उघडल्या. सगळ्यांचा वास सारखाच.

"या द्राक्षातच दोष आहे," तो म्हणाला. "सोमवारी ट्रॅक्टर येतोय. चौदाच्या चौदा ओळी उपटतो आणि दुसरं काहीतरी लावतो. बाबांना इतक्यात सांगू नका. पाय मोडलाय तेवढं पुरे, आणि आता मन कशाला मोडायचं."

तो दिवस गुरुवार होता.

आता जे मी त्याला सांगितलं नाही ते सांगतो. अकरा वर्षांपूर्वी, ऐन तोडणीच्या दिवसांत, रस टाकीत चढवणारा पंप तापून अडकला. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि गॅरेजवाला जावई सासऱ्यांना पचायचा होता. वाइनच्या तळघराच्या दारावर त्यांच्या हातची पाटी होती, आजही आहे: 'हात धुऊन आत या. तेल, अत्तर, सिगरेट बाहेर.' मी घाईत होतो आणि मला छाप पाडायची होती. रॉकेलचा डबा कोटाखाली लपवून मी आत गेलो, एका कोपऱ्यात पंपाचे बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले, पंप चालू करून दिला आणि डबा पिंपांच्या मागे विसरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर डबा गायब.

कोणी काही बोललं नाही. तेच मला जास्त लागलं. खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून मी तळघराच्या दाराबाहेरच उभा राहू लागलो. पाना हवा असेल तर मी बाहेरून द्यायचो. पाहुण्यांना घेऊन सासरे खाली गेले की मी त्यांच्या गाड्यांच्या चाकांतली हवा तपासत बसायचो. म्हाताऱ्याने एका शब्दानेही न बोलता आपल्याला दारातून हाकललं, अशी मी समजूत करून घेतली आणि ती छान जपली.

म्हणजे पेच असा होता. वास माझ्या रॉकेलचा असेल तर वेली निर्दोष होत्या. मी तोंड उघडलं तर त्या वाचणार आणि जावई म्हणून माझी जी काही थोडीफार अब्रू होती ती जाणार. गप्प बसलो तर सोमवारी ट्रॅक्टर येणार. पण खरंच वास माझा आहे का? गॅरेजचा माझा एक नियम आहे: दोष कळल्याशिवाय पाना उचलायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

उघडलेली बाटली मी गॅरेजवर नेली. दोन स्वच्छ फडकी घेतली. एकावर रॉकेल शिंपडलं, दुसऱ्यावर ती वाइन, आणि दोन्ही खिडकीत टाकली. दुपारीही रॉकेलचं फडकं खिडकीबाहेर टाकावंसं वाटत होतं. वाइनच्या फडक्याला मधासारखा हलका वास उरला होता. मग ताटलीत पाणी घेतलं. रॉकेलचा थेंब टाकला की पाण्यावर रंगीत साय धरते. वाइनचा थेंब गुपचूप मिसळून गेला. मी पुन्हा पेला नाकाशी नेला. रॉकेलच्या मागे लिंबाची साल होती, मध होता, आणि तापलेल्या दगडावर पाणी मारल्यावर येतो तसला काहीतरी वास. घाबरलेल्या माणसाला यातलं काही येत नाही. मला पहिल्यांदा हे द्राक्ष काय चीज आहे ते बघावंसं वाटलं.

शुक्रवारी मेहुण्याकडून किल्ली घेतली. हात तीनदा धुतले आणि अकरा वर्षांनी तळघराच्या पायऱ्या उतरलो. सासरे दर वर्षाच्या काही बाटल्या ठेवत. मी गेल्या वर्षीच्या बाटलीपासून सुरुवात केली. हिरवं सफरचंद, लिंबू, कसलंसं पांढरं फूल, आणि दातांना झिणझिण्या आणणारा आंबटपणा. रॉकेलचा पत्ता नाही. पाच वर्षांपूर्वीच्या बाटलीत किंचित शंका येत होती. मग थेट पंधरा वर्षांपूर्वीची उघडली.

रॉकेलचा वास आला. मी रिकाम्या खोक्यावर बसलो आणि एकटाच हसलो. त्या वर्षी या घराला मुलगी आहे हेही मला माहीत नव्हतं.

पण माझा आनंद पाच मिनिटं टिकला. पंधरा वर्षांच्या बाटलीत वास होता, पण माझ्या वर्षाच्या बाटलीपेक्षा कमी. वयाने वाढतो म्हणावं तर जुनीत जास्त हवा. म्हणजे द्राक्षाचा थोडा आणि माझा थोडा? चोराच्या मनात चांदणं, ते काही केल्या मावळेना.

वर येऊन वेलींत शिरलो. तोडणी संपली होती, पण ओळींच्या टोकांना पाखरांसाठी सोडलेले घड होते. लहान घड, मणी एकमेकांना चिकटलेले, मुठीत मावतील एवढे. उन्हाच्या बाजूचे मणी पिवळे झाले होते आणि त्यांच्यावर तपकिरी वांग उठले होते. पानाआडचे अजून हिरवे. उन्हातला मणी खाल्ला तर गोड, सावलीतला खाल्ला तर डोळा मिटला. एकाच घडावर दोन स्वभाव. मी दोन्ही खात बराच वेळ उभा राहिलो आणि पुढे काय तपासायचं ते मला सुचलं नाही.

घरी आलो तर बायको दारात.

"तोंडाला वाइनचा वास आणि कपड्यांना रॉकेलचा," ती म्हणाली. "भरदुपारी. काय चाललंय?"

मी तिला बाटल्यांचं, फडक्यांचं सांगितलं, ट्रॅक्टरचंही सांगितलं. डब्याचं नाही सांगितलं.

"आणि हे शोधायला तुम्ही फडकी वाळवताय? बाबा त्या खोलीत पडलेत. चाळीस वर्षं त्या द्राक्षाशी संसार केलाय त्यांनी. विचारा की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा काखेतून काढायची मला भीती वाटत होती, हे तिला कुठे माहीत. शनिवार मी एका गाडीखाली पडून काढला. गाडीला काही झालेलं नव्हतं.

रविवारी मेहुणा वडिलांना भेटायला आला. बायकोने चहा ठेवला. मी त्यांच्या पलंगापाशी उभा राहिलो आणि आता नाही तर कधीच नाही म्हणून बोललो.

"बाबा, पंप अडकला होता त्या वर्षी मी तळघरात रॉकेल नेलं होतं. तिथेच पार्ट धुतले. त्या वर्षीच्या वाइनला रॉकेलचा वास येतोय, आणि तो द्राक्षाचा दोष समजून हा उद्या वेली उपटतोय. चूक माझी असेल. वेली उपटू नका."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं. सासऱ्यांनी विचारलं, "बाटली आणलीय?"

माझ्या पिशवीत होती. मी ओतून दिली. त्यांनी पेला हलवला, नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही.

"आला की," ते म्हणाले. "म्हटलं आता यायला हवा."

"काय यायला हवा?" मेहुणा म्हणाला.

"हाच वास. रिस्लिंगचा आहे तो, बाटलीत मुरला की येतो. ऊन खाल्लेल्या घडांना जास्त येतो. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, पानं गळाली, घड उघडे पडले. पंप उगाच तापला होता का? म्हणून तर दोनशे बाटल्या ठेवल्या. काही लोकांना नाही आवडत. त्यांना कोवळी द्यायची."

"मला का नाही सांगितलंत?"

"दोन वर्षांत तू मला पंपाचं विचारलंस, बुचांचं विचारलंस. वासाचं कधी विचारलंस? आणि माझ्या वेली उपटतोस तेही मला जावयाकडून कळतंय."

मेहुणा फोन घेऊन अंगणात गेला. ट्रॅक्टरवाल्याशी तो फार नरमाईने बोलत होता.

मी सुटलो होतो, पण मला सुटल्यासारखं वाटेना. "आणि तो डबा?" मी विचारलं.

"तो दुसऱ्या दिवशी मीच उचलला. झाकण घट्ट होतं, खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, फरशीवर एक डाग नाही. म्हटलं, माणूस नीटनेटका आहे. पोरीचं बरं होईल. पुढे त्यातल्या रॉकेलवर अंगणातला कंदील पेटवला."

"मग मला पुन्हा आत का नाही बोलावलंत?"

त्यांनी पेला खाली ठेवला.

"जावईबापू, घरच्या माणसाला बोलावणं लागतं का? संध्याकाळी मी दोन पेले घेऊन खाली जायचो. तुम्ही दारापर्यंत यायचात आणि तिथूनच परत फिरायचात. मला वाटलं, तुम्हाला आमचं काही आवडत नाही. मग मी एकच पेला न्यायला लागलो."

अकरा वर्षं मी बाहेर चाकांत हवा भरत होतो आणि हा माणूस खाली एकटा पीत बसला होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण एक पाय प्लास्टरमध्ये होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. साबणाने हात धुतले, दुसरा पेला घेतला आणि त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो.