ज्याचं त्याचं तुफान

वामनरावांनी चक्रीवादळ ओडिशाला धाडलं होतं आणि देवीलाल ते यवतमाळकडे, आपल्या नेरच्या अंगाला ओढून आणत होता. सकाळपासून पारावर दोघांचं हेच चाललं होतं. समुद्र दोघांच्या बापजाद्यांनीही पाहिला नव्हता, पण मोबाइलवरचा समुद्र त्यांना घरच्या विहिरीपेक्षा जास्त ठाऊक झाला होता.

"अमेरिकेचं मॉडेल पाह्य ना लेका!" वामनराव ओरडले. "तुफान सीधं वर जाऊन राह्यलं. आपल्याकडं थेंबबी येत नाही."

"अमेरिकेले काय समजते? युरोपवाल्याचं पाह्य. आंध्रात घुसते अन् मंग यवतमाळ. शुक्रवारी चार वाजता पानी. लिहून घे."

खरं दुखणं धुऱ्याचं, म्हणजे वावरांमधल्या बांधाचं होतं. दोघांची वावरं लागून. देवीलालनं एकदा वखरताना धुरा कोरला, तेव्हापासून एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्याला पश्चिम म्हणावंच लागे. वादळ येणार हे देवीलाल आधी बोलून गेला, म्हणून वामनरावांना न येणारं वादळ हुडकावं लागलं. आणि मोबाइलात काय, मनासारखं काहीही सापडतं.

वावरात मात्र दोघांचंही सोयाबीन सोंगून, गंज्या घालून उघड्यावर पडलं होतं. कपाशी बोंडअळीनं खाल्लेली. वर्ष काढायचं ते या गंजीवरच, हे वामनरावांच्या बायकोला, विमलताईंना, कळत होतं. गंजी एकदा भिजली की आतून तापते, दाणा काळा पडतो, मग त्याला ढोरंही तोंड लावत नाहीत.

मुलगी दिपाली पुसदला कॉलेजात शिकत होती, दिवाळीला घरी आलेली. तिनं आईला मोबाइल दाखवला. समुद्रातून रेषांचा एक जुडगा निघाला होता आणि पुढं खराट्यासारखा फाकला होता.

"आई, कंपुटर एकदा गणित करून थांबत नाही. सुरुवात जराजराशी बदलून पुन्हा पुन्हा करते. म्हणून इतक्या रेषा."

"अन् तुहा बाप कोणती पाहून राह्यला?"

"ही वरची. एकटीच."

"देवीलाल?"

"मधातली. पण तिच्यावरचा टाइम त्यानं एसटीच्या टाइमावानी पक्का धरला. एक रेष धराचीच नसते, आई. सगळा जुडगा पाहा लागते. अन् जुडग्यातल्या बऱ्याच रेषा आपल्याकडंच येऊन राह्यल्या."

"बाबाले सांगतलं?"

"सांगतलं. म्हणते, कॉलेजात जाऊन बापाले शिकवतं का."

विमलताईंनी कपाळावर हात मारला. गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय! त्यांनी नेरच्या अय्याजला फोन लावला. सोयाबीन मळून काढायचं मशीन, हडंबा, त्याचाच या भागात फिरायचा, आणि तो शेजारच्याच गावात आला होता.

"काकू, मी येतो ना," अय्याज म्हणाला. "पण काकाले फोन कराले लावा. मागच्या साली तुमी बलावलं अन् काकानं मले धुऱ्यावरून वापस पाठवलं. उद्या नाही आलो त मी इकडून निघून जातो."

म्हणजे नवऱ्याचा होकार हवा. आणि नवरा तर ओडिशात जाऊन बसलेला. विमलताईंनी भाकरी थापता थापता विचार केला. मग नवरा जेवायला बसल्यावर सहज बोलल्या, "आयकलं का? देवीलालनं पलटी मारली. म्हणते तुफान ओडिशालेच जाईन. इथं काही येत नाही."

वामनरावांचा घास हातात राहिला.

"देवीलाल म्हणते येत नाही?"

"हो ना. त्यानं हडंबाबी नाही सांगतला."

"मंग नक्की येते!" वामनराव ताटावरून उठलेच. "त्या येड्याचं कधी खरं झालं हाय? दिपे, अय्याजचा नंबर लाव!"

विमलताईंनी तोंडाला पदर लावला. हसू आलं आणि चीडही आली. पोटच्या पोरीचं शिक्षण या माणसाला पटलं नव्हतं. वैऱ्याचं नाव घेतल्याबरोबर अक्कल आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हडंबा लागला. कुटाराचा, भुशाचा धुराळा उडत होता, पोती भरत होती. तेवढ्यात देवीलाल धुऱ्यावर आला आणि दात काढून ओरडला, "काय वामनराव, तुमचं तुफान ओडिशाले जाऊन राह्यलं होतं ना? शेवटी माह्याच मॉडेलवर आले!"

वामनराव आधी गोंधळले, मग लालेलाल झाले. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हडंब्याकडे धावले. "बंद कर रे अय्याज! बंद कर!"

विमलताई मध्ये उभ्या राहिल्या. "हात त लावून पाहा! तुमच्या नाकापायी लेकराच्या तोंडचा घास मातीत घालता का? जा, त्या झाडाखाली बसा अन् पाहा तुमची अमेरिका!"

इतकं स्वच्छ त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. वामनराव झाडाखाली जाऊन बसले. हडंब्याच्या आवाजात अय्याजला काही ऐकू आलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

दुपारपर्यंत गंजी संपली. अय्याजनं तोंडाला रुमालासारखी बांधलेली दस्ती सोडली आणि देवीलालला विचारलं, "भाऊ, मशीन इथंच हाय. तुमचीबी काढून टाकू?"

देवीलालची बायको वर्षा पुढं आली. "काढून घ्या ना हो. आभाय पाहा कसं झालं."

"तू चूप वं! वामन्याच्या उरल्या हडंब्यानं मी काढू?" देवीलालनं मोबाइल काढला. "अजून टाइम हाय. शुक्रवारी चारले पानी. त्याच सकाळी माह्या साळ्याचा हडंबा येते."

पाऊस गुरुवारीच आला. वाऱ्यानं देवीलालची ताडपत्री उडवून तुरीत नेऊन टाकली आणि गंजी रात्रभर भिजत राहिली. वामनरावांचं सोयाबीन घरात कोरडं होतं.

पाऊस उघडल्यावर पारावर पाहावं तर देवीलाल छाती काढून बसलेला. "म्या म्हटलं नव्हतं? यवतमाळावरच आलं! माहीच रेष खरी!" पडला तरी नाक वर. आणि ज्याचा दाणा न दाणा वाचला ते वामनराव सुतकी चेहऱ्यानं म्हणत होते, "पण चार वाजता कुठं आलं? शुक्रवारी कुठं आलं?" आता त्यांचं भांडण वाटेवरून पावसाच्या वेळेवर आलं होतं.

विमलताई त्यांच्याकडे न बघता वावरात गेल्या. वर्षा एकटीच गंजी उलथत होती. आतून वाफ निघत होती, शेंगांतून कोंब बाहेर आले होते.

"बाई," तिनं विचारलं, "भाऊजी कसे काय तयार झाले हो हडंब्याले?"

विमलताईंनी सगळं सांगितलं. वर्षा हसली, हसता हसता खाली बसली, आणि मग पदर तोंडाशी नेऊन रडू लागली.

"मले सांगाले काय झालतं, बाई? मीबी त्यायले तसंच काही सांगतलं असतं."

विमलताईंच्या आत्ता ध्यानात आलं. आपली गंजी निघाल्यावर शेजारणीची आठवण आपल्यालाही झाली नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं ओल्या पेंढ्या उलथायला घेतल्या.