अंगठ्याला कळतं

डाव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा ड्रायव्हरला वाटलं, नवा बूट चावला असेल. सकाळपर्यंत तो लालबुंद झाला आणि त्याला चादरीचा स्पर्शही सोसेना. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मटण बंद करायला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि खाणं चालू ठेवलं.

दुसऱ्यांदा सुजला तो भर फेरीत. क्लच दाबताना त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि बस थांब्याच्या बरीच पुढे जाऊन उभी राहिली. डेपो मॅनेजरने बोलावून घेतलं. पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेऊ आणि चौकशीच्या खिडकीत बसवू, असं शांतपणे सांगितलं. त्या खिडकीत बसणारा माणूस दिवसभर, न आलेल्या गाड्यांसाठी शिव्या खातो. त्या दिवसापासून ड्रायव्हरने मटण सोडलं, आणि अर्धवट नको म्हणून कोंबडी आणि मासेही.

लेक रसायनशास्त्र शिकत होती. सारखी समजावून सांगते म्हणून तो तिला मास्तरीण म्हणायचा. तिने हे प्रकरण प्रयोगासारखं हातात घेतलं. मांसाची चव निम्मी भाजण्यात असते, प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तो वास तयार होतो, असं तिचं म्हणणं. सोयाचे तुकडे भाजून झाले; ते त्याला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे लागले. मग मशरूम काळपट होईस्तोवर परतून झाले. ते बरे लागले, पण वखवख होती तिथेच राहिली. बायकोने एवढंच सांगितलं, की अहो, विज्ञान चालू द्या, पण कढई मला घासावी लागते.

एका संध्याकाळी तो पाय स्टुलावर टाकून डोळे मिटून बसला होता. लेक वही न घेता, नुसतीच शेजारी येऊन बसली.

"बाबा, नेमकी कधी होते इच्छा?"

"दुपारी. शेवटच्या स्टॉपच्या कँटीनमध्ये."

"जेवायच्या आधी?"

"जेवल्यावर."

"म्हणजे पोट भरलेलं असताना?"

"गच्च."

"मग ती भूक नाही."

"ते मला कळतंय गं," तो म्हणाला, "तिला कुठे कळतंय?"

त्याने मग तिला दुपार सांगितली. डब्यातली भाजी चार घासांत संपते. बाकीच्यांच्या ताटात हाडं असतात. हाड चोखायचं, ताटलीवर आपटायचं, मध्येच बोलायचं, पुन्हा चोखायचं. त्यांचं जेवण सुट्टी संपेपर्यंत पुरतं. डबा पुसून झाल्यावर त्याने हात कुठे ठेवायचे? घरी असता तर उठून गेला असता. तिथे उठून जाणार कुठे, तर बसमध्ये, आणि बसमध्ये तर दिवसभर बसायचंच आहे. हळू खा, असं लेक म्हणाली, आणि ते पुरेसं नाही हे तिलाही दिसलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कंडक्टरने ताटली पुढे सरकवली. बरीच वर्षं दोघं एकाच गाडीवर होते.

"उस्ताद, एक तुकडा घे. कुणाला कळतंय?"

"माझ्या अंगठ्याला."

टेबल हसलं. ड्रायव्हर हसला नाही, कारण त्याचा हात ताटलीच्या काठापर्यंत गेला होता आणि तो मागे घ्यायला फार जोर लागत होता. कंडक्टरने तो हात पाहिला. ताटली त्याने अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

त्याच्या पुढच्या दुपारी कंडक्टर आपलं ताट घेऊन नळाजवळच्या टेबलावर गेला. त्याच्या मागे बाकीचेही गेले. कुणी कारण सांगितलं नाही. ड्रायव्हर नेहमीच्या जागी एकटाच उरला. वास अगदी पुसट झाला होता. त्याने डबा उघडला, लेकीच्या सांगण्याप्रमाणे घास बारीक चावला. इच्छा वेळेच्या आधीच आली. वास नसतानाही आली, आणि आज बोलण्यात तिला विसरायला समोर कुणी नव्हतं. नळाजवळ कोणीतरी काहीतरी सांगत होतं आणि सगळे हसत होते. शब्द ऐकू येत नव्हते.

चौकशीच्या खिडकीत बसल्यावरही असंच वाटत असणार, त्याच्या मनात आलं.

अर्धा डबा शिल्लक होता. त्याने तो उचलला आणि अंगठ्यावर भार न देता सावकाश नळाजवळ गेला.

"सरक जरा."

कंडक्टरने ताटावर हात आडवा धरला. "अरे, तुझ्यासाठीच इकडे आलो ना. वास येईल तुला."

"येऊ दे."

"त्रास होईल."

"तिथेही होतोय."

कंडक्टर बाकावर सरकला. ड्रायव्हर बसला. वास थेट नाकात शिरला, तोंडाला पाणी सुटलं, ते त्याने गिळलं आणि भाजीचा घास घेतला. समोर बसलेला दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर हाड हातात धरून थांबला होता, खावं की नको अशा अवघडलेपणाने.

"खा रे," हा म्हणाला. "आणि ते मघाचं काय होतं, पहिल्यापासून सांग."