फुलदाणीतला देवनळ

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी डांगे चौकातून भाजी घेऊन परत आले, तर सोसायटीच्या गेटजवळच्या वाफ्यात माझा देवनळ नव्हता. तिथे ओली माती होती आणि वर झेंडूच्या कुंड्या, नीट ओळीत.

देवनळ म्हणजे माणसाहून उंच जाणारं, पोकळ दांड्याचं रानफूल. पानं तंबाखूसारखी, तुरा पांढरा. भीमाशंकरकडे माझ्या माहेरच्या उतारावर तो कितीतरी असायचा. मग तिथे कुणाचे तरी बंगले यायचे ठरले आणि जेसीबीने उतारच सपाट केला. त्याआधी एक वाळका तुरा मी पिशवीत घालून आणला होता. बी इतकं बारीक, की शिंक आली तर संपलंच. पहिली पेर मी मातीखाली दाबली, मेथी पेरतात तशी. काही आलं नाही. उरलेलं नुसतं वर भुरभुरलं, तेव्हा उगवलं, आणि त्यातलं एकच जगलं. दोन वर्षं ते जमिनीलगत पानं पसरून बसलं. तंबाखू लावलीय का ताई, असं येणारा-जाणारा विचारायचा. या थंडीत दांडा वर आला, फुलं खालून वर उमलत गेली. मला त्याचं बी हवं होतं. माहेरी ओढ्याकाठी अजून जागा आहे, तिथे नेऊन टाकायचं होतं.

माळीकाम करणारा चिमाजी झेंडूंना पाणी घालत होता. "मॅडमनी तुरा कापून मागितला, ताई. बुडखा बरा दिसत न्हाई म्हनून तोबी काढला. कचऱ्याची गाडी गेली."

मॅडम म्हणजे मधुवंतीबाई, चेअरमनच्या मिसेस. क्लबहाउसमध्ये त्यांनी तुरा पितळी फुलदाणीत उभा केला होता, मागे काळी पैठणी, पुढे फोटोसाठी बायकांची रांग. मला बघताच त्यांनी सगळ्यांना सांगितलं की ही आमच्या मृदुलाताईंच्या हातची कमाल. टाळ्या झाल्या. कालपर्यंत तंबाखू म्हणणाऱ्या तोंडांना आज तो एलिगंट दिसत होता. कुणी शिवी दिली असती तर मी भांडले असते. कौतुकाशी कसं भांडतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी तुरा उपसला. पाणी पैठणीवर उडालं.

"अहो, फोटो तरी होऊ दे," मधुवंतीबाई म्हणाल्या. "फूलच तर आहे. परत येईल."

"कशातून येईल? मूळ तुम्ही कचऱ्यात घातलंत. आणि बी धरायचंय, तोडू नका, अशी पाटी होती तिथे."

"वाचली की पाटी. मला वाटलं, ती मुलांसाठी आहे."

कुणाचं तरी हळदीकुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलेलं, ते हवेतच ठेवून मी तुरा घेऊन निघाले. वाणही घेतलं नाही. घरी नवरा, सलिल, म्हणाला, जाऊ दे, सणाचा दिवस आहे. त्यालाही ऐकवलं.

तुऱ्याच्या अगदी खालची दोन-चार बोंडं तपकिरी व्हायला लागली होती. ती कागदावर वाळवली. बाकीची हिरवीच सुकून गेली. आता खिडकीच्या ग्रिलमधल्या ट्रेमध्ये मोहरीएवढी हिरवी पानं दिसतात. सोसायटीच्या वाफ्यात यातलं एकही जाणार नाही.

परवा लिफ्टमध्ये मधुवंतीबाईंनी एक रोप मागितलं, छान सिरॅमिकच्या कुंडीत लावीन म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्या हसल्या, त्यांना गंमत वाटली. त्यांचा मजला आला, तेव्हा मी दार धरून ठेवलं आणि पुन्हा सांगितलं, नाही.