चौदा मार्चचा शिक्का

माझ्या मैत्रिणीला, होशिना नात्सुकोला, ट्रॅकवर गाडी पळवायची हुक्की आली तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सहाशे पोरांचं जेवण रांधायची. धाकट्या भावाने एकदा तिला तोचिगीतल्या डोंगरातल्या ट्रॅकवर नेलं आणि शेजारी बसवून चार फेऱ्या मारल्या. तिथून ती सरळ माझ्याकडे आली.

“चिझुरु, मला स्वतः चालवायचीय. शर्यतबिर्यत नको, कोणाला हरवायचं नाही. लोक पैसे भरून दिवसभर चालवतात ना, तसं. पाच लाख येनच्या आत गाडी बघ.”

मी ओता शहरात कोगुरे-सानांच्या गॅरेजात मेकॅनिक होते. बावीस वर्षं तिथेच काढली. पोरगी म्हणून तीन गॅरेजवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं, कोगुरे-साननी मात्र अंगावर ओव्हरऑल फेकून म्हटलं होतं, “घाल आणि तेल काढ.” पुढे मी परीक्षा दिली आणि गॅरेजची तपासनीस झाले. आमच्या गॅरेजला गाड्या तपासायचा सरकारी परवाना होता. गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे असा कागद निघायचा, त्यावर माझं नाव आणि माझा शिक्का.

महिनाभर आम्ही गाड्या बघत हिंडलो. नात्सुकोला आधी इंजिनाचा जोर बघायचा असायचा. मी म्हणायचे, “जोर शेवटी बघ. आधी पत्रा. इंजिन बदलता येतं, ब्रेक बदलता येतात, कुजलेल्या गाडीला काय बदलणार?” एका गाडीचे पुढचे बोल्ट उघडून परत बसवलेले दिसले, म्हणजे अपघातातली, ती सोडली. दुसरीचा मालक म्हणाला, गाडी फक्त देवदर्शनाला नेलीय. तिचे टायर आतल्या बाजूने तारा दिसेपर्यंत झिजले होते. तीही सोडली.

तिसरी शिनोझुकाकडे सापडली. हा बायपासवर जुन्या गाड्या विकायचा, बारा महिने चपला घालून आणि केस काळेभोर रंगवून. गाडी चंदेरी होती, दोन सीटांची, कापडी टपाची, हाताने गिअर टाकायची. किंमत चार लाख साठ हजार.

“वहिनी, बाजारहाट करायला ही जड जाईल हो,” शिनोझुका नात्सुकोला म्हणाला. “पलीकडे एक गोड गुलाबी आलीय बघा.”

“मी कोणाची वहिनी नाही. टप उघडा.”

मी गाडीखाली सरकले. खालून सगळा नवा काळा रंग मारलेला होता. असा रंग दिसला की मला लगेच गंजाचा संशय येतो. दाराखालचा जो पत्र्याचा उंबरा असतो, त्यावर छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार असतो. मी खिशातली छोटी हातोडी काढली, तिथे ठोकून बघायला.

“तो रंग ना?” शिनोझुका वरून म्हणाला. “तुमच्याच कोगुरे-साननी मारलाय. पत्रा, तपासणी, सगळं तुमच्याकडूनच झालंय. तुला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. पण मार्चमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी आठवडाभर रजेवर होते. त्या दिवसांत झालं असेल म्हटलं. आणि हातोडी खिशात ठेवून मी बाहेर आले.

“नीट बघितलीस ना?” नात्सुकोने विचारलं.

“कोगुरे-सानांचं काम आहे. घे.”

मे महिन्यात नात्सुकोच्या भावाची शेड रिकामी होती, कोन्याकूचे कंद लावणीला शेतात गेले होते. रविवारी आम्ही तिथे गाडी तयार करायला घेतली. तापले तरी दगा न देणारे ब्रेक पॅड घातले, ब्रेकचं जुनं तेल काढून लवकर न उकळणारं भरलं, गालिचे काढले, अंग घट्ट धरून ठेवणारी सीट बसवली. नात्सुको बोल्ट धुऊन मिसोसूपच्या वाट्यांमध्ये लावून ठेवत होती, कुठला कुठला आहे ते टेपवर लिहून. स्वयंपाकघराची शिस्त.

शेवटी उरला लोखंडी बार. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे तो लावतात. तो लावायला उंबऱ्यालगत पत्र्याला भोकं पाडावी लागतात. मी ड्रिल टेकवलं, दाबलं, आणि ते बोटभर आत गेलं. लोखंडाचा आवाजच आला नाही. तोफूत काडी खुपसावी तसं गेलं.

बाहेर काढलं तर टोकाला राखाडी भुकटी आणि मागोमाग तांबडी.

“असंच असतं का?” नात्सुको म्हणाली.

मी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं. हाताएवढा पापुद्रा निघाला : वर काळा रंग, खाली पुट्टी, तिच्याखाली स्वयंपाकघरात चिकटवतात तसली चंदेरी पट्टी. पट्टीमागे पत्रा नव्हताच. गंज होता आणि पोकळी. दुसऱ्या बाजूलाही तेच. पहिल्याच वळणावर जोरात ब्रेक मारून गाडी कुठे आदळली असती, तर बारसकट सीट उपटून आली असती. सीटमध्ये नात्सुको.

मग मी गाडीच्या कप्प्यातले कागद काढले. खरेदीच्या दिवशी मी ते बघितलेसुद्धा नव्हते. तपासणीची तारीख चौदा मार्च. खाली ‘मोगी चिझुरु’ आणि माझा लाल शिक्का.

चौदा मार्चला मी ताकासाकीत आईच्या उशाशी बसले होते.

नात्सुको काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. मी हातातला स्क्रूड्रायव्हर शेडच्या भिंतीवर फेकला. पत्र्याची भिंत, तो आरपार गेला आणि तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी आठला मी गॅरेजात पोचले तेव्हा रेडिओवर कवायत चालू होती. कोगुरे-सान अडुसष्ट वर्षांचे, दोन्ही हात वर करून उभे होते. बाकीचे दोघे मेकॅनिक त्यांच्यामागे. मी तो पापुद्रा त्यांच्या पायाशी टाकला.

“हे काय आहे?”

त्यांनी हात खाली घेतले. “कुठून काढलंस?”

“नात्सुकोच्या गाडीतून. तुम्ही चिकटवलेलं.”

“ती गाडी कोणा म्हातारीसाठी आहे, असं शिनोझुका म्हणाला होता. भाजी आणायला. पन्नासच्या वर गेलीच नसती ती.”

“म्हणजे म्हातारी मेली तर चालतं?”

“आवाज खाली कर. वर्षाला तीस गाड्या आणतो तो आपल्याकडे. या दोघांचे पगार कुठून येतात वाटतं तुला?”

“शिक्का कोणी मारला?”

रेडिओवरची बाई ‘एक, दोन, तीन’ म्हणत होती. एका मेकॅनिकने हळूच जाऊन तो बंद केला.

“तू नव्हतीस,” कोगुरे-सान म्हणाले. “गाडी त्याच दिवशी द्यायची होती. तुझ्या आईचं ऑपरेशन, तुला कशाला फोन करून त्रास द्यायचा? ड्रॉवरमध्ये होता, मारला.”

माझ्यावर उपकार केल्यासारखं ते बोलले. तिथे माझं डोकं फिरलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं.

“चाकाचा एक नट सैल राहिला म्हणून तू मला पाना फेकून मारला होतास. इथे, या कोपरावर. वीस वर्षांची होते मी. म्हणाला होतास, गाडीत माणूस बसतो. विसरलास? माझ्या नावाने थडगं विकलंस तू! माझ्याच मैत्रिणीला!”

“विकलं मी नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “आण ती गाडी इकडे. कुजलेलं कापतो, नवा पत्रा जोडून देतो. फुकट. बारही मीच बसवतो. कोणाला कळायचं कारण नाही.”

“मला कळलंय.”

“आणि तू तपासलीस का? घ्यायच्या आधी गाडीखाली तूच होतीस ना? मग ओरडतेस कोणावर?”

  मी ओव्हरऑल काढून बाकावर टाकलं आणि निघाले.

त्या दिवशी संध्याकाळी मी नात्सुकोच्या स्वयंपाकघरात उभी राहून ओरडत होते. उद्या माएबाशीला जाणार, वाहन कार्यालयात सगळं लिहून देणार. नात्सुको कोबी चिरत होती. सहाशे जणांचा चिरून आल्यावर घरीही कोबीच चिरायची.

“माएबाशीला कशाला?” ती म्हणाली. “शिनोझुकाकडून पैसे परत घेऊ, त्याच्या दारात माशाचं पाणी ओतू, मोकळ्या होऊ.”

“शिक्का माझा आहे.”

“मग माझ्यावर का खेकसतेस?”

“तुझ्यावर नाही खेकसत!”

“अर्धा तास झाला. इथे दुसरं कोण आहे?” तिने सुरी खाली ठेवली. “आणि आता मीही सांगते. मी तुला विचारलं होतं, नीट बघितलीस ना. तू म्हणालीस, कोगुरे-सानांचं काम आहे, घे. मी मेले असते, चिझुरु. तुझ्या त्या एका वाक्यावर मी मेले असते. काल रात्रभर मला झोप नाही, आणि तू इथे येऊन तुझा शिक्का, तुझा शिक्का करतेयस.”

मी खुर्चीत बसले. चुकलं म्हणायचं राहूनच गेलं. तिने माझ्यापुढे भात ठेवला, कोबी ठेवला, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता जेवलो. जाताना ती म्हणाली, “जा माएबाशीला. मी सुट्टी काढते. तो कुजका तुकडा कागदात नीट गुंडाळून घे, सांडेल.”

कार्यालयातला अधिकारी तरुण आणि शांत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोटो घेतले आणि विचारलं, “शिक्का जिथे होता, त्या ड्रॉवरला कुलूप होतं?”

“नव्हतं.”

त्याने ते लिहून घेतलं. त्याची चूक नव्हती, त्याचं कामच ते. पण टेबल उलथावंसं वाटलं मला.

पुढचं सगळं दोन महिन्यांत झालं. गॅरेजचा तपासणीचा परवाना रद्द झाला. माझं तपासनीसपदही गेलं, शिक्का उघड्यावर ठेवल्याबद्दल. त्या दोघांपैकी थोरल्या मेकॅनिकने मला सुपरमार्केटच्या दारात गाठलं. “तुझं काय, एकटा जीव. माझ्या दोन पोरींची फी तू भरणार का?” मी म्हटलं, पत्र्याला पट्टी चिकटवताना तूच टॉर्च धरला असशील ना? त्याने हातातली पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली. टॉर्च त्यानेच धरला होता, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. तरी त्या पोरींची नावं मला पाठ आहेत, लहानपणी गॅरेजात येऊन माझ्या खुर्चीत बसायच्या.

शिनोझुकाने पैसे निमूटपणे परत केले, वर कमरेत वाकून मिठाईचा डबा दिला. मी तो भिरकावणार होते. नात्सुकोने काढून घेतला. “मिठाईने काय घोडं मारलंय?” घरी जाऊन तिने सगळी खाल्ली, मला एकही दिली नाही.

नोकरी मला नात्सुकोच्या भावाच्या ओळखीने मिळाली. शेतीची यंत्रं दुरुस्त करते, ट्रॅक्टर आणि कंद काढायची यंत्रं. पगार कमी आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही परत गाडी शोधायला लागलो. या वेळी मिळाली ती एका मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, दुकानाची, माल पोचवायची. पांढरी, चौकोनी, चार दारांची, दारावर दुकानाचं नाव खरवडल्याचा डाग. एक लाख ऐंशी हजार. मी दोन तास तिच्याखाली होते. इंच न् इंच ठोकला, मॅट उचलली, दिवे काढून मागे बघितलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, “बाई, विकत घेताय की शवविच्छेदन करताय?” गंज होता, चाकांच्या कमानींवर, उघडा, कोणी झाकलेला नव्हता.

“हिला मिसोचा वास येतो,” नात्सुको नाक मुरडून म्हणाली.

“पत्रा शाबूत आहे.”

“मी काही म्हटलं का? येतो एवढंच सांगितलं.”

मागची सीट काढली, ब्रेकचं काम केलं, तेल बदललं, बरे टायर घातले, ओढून न्यायचा हूक लावला. बार लावताना भोकं पाडताना ड्रिलची दोन पाती मोडली, एवढा पत्रा भक्कम, आणि मी खुशाल मोडू दिली.

ऑक्टोबरात तोचिगीच्या ट्रॅकवर गेलो. आजूबाजूला जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या, रंगीत चाकांच्या गाड्या. त्यांत आमची पांढरी पेटी. नात्सुको हेल्मेट घालून रांगेत लागली. मी कठड्याशी उभी होते, तेवढ्यात इसेसाकीचा एक पिकलेल्या केसांचा माणूस जवळ आला. त्याची गाडी वर्षानुवर्षं आमच्या गॅरेजात यायची.

“कोगुरेंचं दुकान बुडवलं ती तूच ना?”

“हो.”

“पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं त्यांनी तुला.”

“म्हणूनच.”

त्याने मान हलवली आणि आपली अवजारांची पेटी उचलून चार गाळे पलीकडे नेऊन ठेवली. मला वाटलं, त्याच्या मागे जाऊन सगळं ऐकवावं, पट्टी, पुट्टी, चौदा मार्च, सगळं. दोन पावलं गेलेही.

मागे टायर किंचाळले. वळून बघते तर नात्सुको दुसऱ्या वळणावर गर्रकन फिरली होती, गाडी खडीत उलट्या तोंडाने उभी. मी धावले. कठड्यापाशी ट्रॅकवाल्यांनी अडवलं मला. क्षणभराने गाडी खोकली, चालू झाली आणि खडी उडवत रांगत परत आली. नात्सुको दार उघडायच्या आधीच आतून शिव्या देत होती.

“ब्रेक उशिरा धरला! ढ बाई मी, ढ! भोपळा!”

“लागलं का कुठे?”

“मला कशाला लागतंय? अजून वीस मिनिटं आहेत. लवकर बघ काय ते.”

मी गाडीखाली शिरले, चाकांत अडकलेली खडी काढली, ब्रेकच्या नळ्या हाताने चाचपल्या, चारही चाकांचे नट पान्याने आवळले. टायर तापून फुगले होते, थोडी हवा सोडली. तो इसेसाकीचा माणूस लांबून बघत होता. बघू दे म्हटलं.

“झालं?” नात्सुको म्हणाली.

“झालं. दुसऱ्या वळणाला पाटीच्या आधी ब्रेक धर.”

“धरते,” म्हणाली, हेल्मेटची काच खाली केली आणि गेली. पाटीच्या आधी काही धरला नाही.