टोपीच्या आतला टाका

“कुलूप मिरवावं, किल्ली मिरवू नये,” सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी फोनवर लाल बदाम मोजत होते. एका दुपारीत चारशे. मी म्हटलं, “आई, लोकांना गोष्ट लागते. नुसत्या लोकरीला कोण विचारतं?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सुयांत डोकं घातलं. त्यांची वाद घालायची तीच रीत.

धंदा आम्हा दोघींचा. त्या लहान मुलांचे स्वेटर, मोजे, टोप्या विणतात. मी फोटो काढून आमच्या पेजवर टाकते. सुरुवातीला कपडे हँगरला अडकवून फोटो काढायचे, तर ते वाळत घातलेल्या धुण्यासारखे दिसायचे. मग एकदा माझ्या दीड वर्षाच्या लेकीला, आमच्या चिमणीला, हळदी रंगाचा, हिरव्या किनारीचा स्वेटर घालून खिडकीशी उभं केलं. त्या आठवड्यात इतकं काम आलं की विणून विणून सासूबाईंची बोटं आखडली. तेव्हापासून चिमणीच आमची मॉडेल. मानधन, एक बिस्किट.

आता किल्लीचं सांगते. मी सकाळी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला जाते, तेव्हा चिमणी पाळणाघरात असते. तिला आणायला कधी मी, कधी सासूबाई, कधी नवरा, कधी दीर. पाळणाघराच्या मावशींची नजर आता अधू झाली आहे. “चेहरे विसरते मी, लोकर नाही विसरत,” असं त्या स्वतःच सांगतात. एके काळी त्याही विणायच्या. म्हणून सासूबाईंनी युक्ती काढली. स्वेटर चिमणीच्या अंगावर जाणार आणि त्याच्या जोडीची टोपी आमच्या दारामागच्या खुंटीवर राहणार. जो टोपी घेऊन येईल, त्याच्याच हाती मूल.

इतकी गोड युक्ती माझ्या पोटात राहते थोडीच. चिमणीला पाळणाघराच्या पायरीवर बसवलं, फोटो काढला, खाली सगळं सविस्तर लिहिलं: आजी, मावशी, खुंटी, टोपी. मागे पिवळा कठडा आणि भिंतीवरच्या पाटीची अर्धी अक्षरं दिसत होती. मी तेव्हा फक्त ऊन कसं पडलंय ते बघितलं होतं. त्याच फोटोला ते चारशे बदाम.

आठवड्याभरात ऑर्डर आली. हळदी टोपी, हिरवी किनार, वर गोंडा. फक्त टोपी.

मी नेहमीसारखं विचारलं, “बाळ किती महिन्यांचं आहे?”

उत्तर आलं, “तुमच्या चिमणीच्या मापाची द्या.”

अकाउंटला फोटो म्हणून एक जांभळं फूल. नाव असं की बाईचंही असेल, पुरुषाचंही. पत्ता घराचा नाही. कुरियरच्या कचेरीतून स्वतः उचलणार. विणून ठेवलेल्या टोप्यांतली एक मी बांधत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “नुसती टोपी? स्वेटर नको?”

“नको म्हणे.”

“असं,” एवढंच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने खुंटीवरची आमची टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. मला वाटलं, गोंडा सैल झाला असेल.

मग ते जांभळं फूल मला जिकडेतिकडे दिसायला लागलं. फोटो टाकला की मिनिटाच्या आत बदाम. “पायऱ्या किती छान, कुठे आहेत?” “चिमणी हल्ली उशिरा उठते ना?” हे मी कुठे लिहिलं होतं? शोधलं तर मीच लिहिलं होतं, तीन दिवसांपूर्वी, एका मोज्यांच्या फोटोखाली. जेवताना नवऱ्याला सांगितलं.

“अगं, गिऱ्हाईक आहे ते, गुप्तहेर नाही,” तो म्हणाला. “तुला उद्या दूधवाल्याच्या हसण्यातही कट दिसेल.”

दूधवाल्याचं हसणं मला आधीपासूनच पटत नव्हतं, पण ते मी बोलले नाही. रस्त्यात कुणी चिमणीकडे बघून हसलं की मी तिला दुसऱ्या कडेवर घ्यायला लागले. तरी फोटो टाकणं थांबवलं नाही. हे लिहिताना मान खाली जाते, पण खरं ते खरं.

मंगळवारी दुपारी, घरी निघायला मी पर्स उचलत होते तेव्हा मावशींचा फोन आला. त्या फोन कधीच करत नाहीत.

“बाळ माझ्या मांडीवर आहे,” हे त्यांनी आधी सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. “पण तुम्ही कुणाला पाठवलं होतंत का?”

मी तिथवर कशी पोचले ते आठवत नाही. मावशींच्या हातात हळदी टोपी होती.

एक बाई आली होती. नीटनेटकी, हसतमुख, जिभेवर साखर. “चिमणीची आत्या मी. वहिनी कामात अडकली आहे.” आणि टोपी पुढे केली.

“मग तुम्ही ओळखलंत कसं?” मी विचारलं. माझ्या मुलीला आत्या नाही, पण मावशींना ते ठाऊक नव्हतं.

“टोपी उलटी केली,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या सासूबाई गेल्या आठवड्यात येऊन सांगून गेल्या होत्या. टोपी आली की आतून चाचपायची. कानाजवळच्या ओळीत एक टाका चुकलेला असेल तर आपली. ही आतून अगदी बिनचूक. मी म्हटलं, बाळ झोपलंय, बसा, आईला फोन लावते. ती बसली नाही. टोपीही टाकून गेली.”

सासूबाईंनी चाळीस वर्षांत चुकलेला टाका कधी तसाच ठेवलेला नाही. एका टाक्यासाठी अख्खी पाठ उसवतील. त्यांनी जाणूनबुजून एक चूक विणली आणि मला सांगितलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर त्याचाही फोटो निघाला असता,” त्या म्हणाल्या. चिमणीला त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरत होती.

मी खुंटीवरची टोपी उलटी करून तो टाका चाचपला. 

पोलीस चौकीत विचारलं, “काही नेलं का?” नाही म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा हात थोडा सैल पडला, पण लिहून घेतलं. कुरियरवाल्यांनी दिलेला त्या बाईचा फोन नंबर बंद आहे. आम्ही पेजवरचे सगळे फोटो काढून टाकले. आता स्वेटर पुन्हा हँगरवर. धुण्यासारखे दिसतात, दिसू देत.

पण त्या आधी मी एक काम केलं. ते जांभळं फूल आणखी कुठे बदाम देत फिरतं, ते शोधलं. सापडलं एक पेज. एक बाई पडद्यांच्या उरलेल्या कापडाचे केसांचे बो शिवते आणि आपल्या मुलीला लावून फोटो टाकते. मुलगी पाचेक वर्षांची, चष्म्याच्या डाव्या काचेवर पट्टी, मागे निळं दार, दाराशी मोडक्या बादलीत लावलेलं रोप. एका फोटोखाली आईने लिहिलंय: “आमचा शाळेतून आणण्याचा गुप्त शब्द आहे बरं का. ओळखा पाहू.” खाली जांभळ्या फुलाने एक शब्द लिहिलाय. आणि आईने उत्तर दिलंय: “अगदी जवळ आलात.”

ही बाई रोज दोन फोटो टाकायची. गेले नऊ दिवस एकही नाही. मी तिला चार निरोप पाठवले. एकही वाचलेला दिसत नाही. पोलिसांना ते पेज दाखवलं, तर ते विचारतात, पत्ता काय? पत्ता तिने कुठेच दिलेला नाही. नवरा म्हणतो, फोन बिघडला असेल, गावाला गेली असेल. असेलही. माझा संशयी स्वभाव आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

तरी तुमच्या आसपास असं निळं दार असेल, डाव्या काचेवर पट्टी लावलेली मुलगी तुम्ही कुठे पाहिली असेल, तर आजच जा. दार वाजवा. काहीही निमित्त सांगा, बो हवाय म्हणा. मुलगी समोर दिसेपर्यंत परत फिरू नका. फोटो मात्र काढू नका. मला नुसतं “आहे” एवढंच कळवा.