बिनपरवान्याचा आवाज

रवळूनं आईचा मोबाईल ताकाच्या भांड्यात बुडवला. पण तसं काही घडलंच नाही, असं घरात ठरलं आहे. म्हणून आपणही ते सोडून देऊ आणि त्याआधीचं बघू.

खासबागेत रवळूचं औषधाचं दुकान. नोंदणीचा दाखला आणि दुकानाचं लायसन काचेत मढवून भिंतीवर टांगलेलं. तपासणीला इन्स्पेक्टर आला की देवाच्या फोटोआधी तेच बघायचा. धाकटा भाऊ साईनाथ माडीवर बर्मुडा घालून मोबाईलची ॲप बनवायचा. त्याच्या भिंतीवर फक्त पाल होती. तरी गल्लीत तो 'इंजिनियर' आणि रवळू 'गोळ्यावाला'.

साईनाथनं आईसाठी एक ॲप केलं. वेळ झाली की फोनमधून त्याचाच आवाज यायचा, "आई, बीपीची गोळी घे गं."

"घेतो रं साई," आई फोनला सांगायची.

एका मंगळवारी ॲप बिघडलं आणि तासातासाला आर्जव करत सुटलं. पोरगं एवढं विनवतंय म्हणून आईनं दर वेळी गोळी घेतली आणि दुपारी न्हाणीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं.

"ॲपमधी चूक राहिलती, आण्णा," साईनाथ म्हणाला. "अपडेट मारलंय."

"आई गेली असती तर काय अपडेट मारलं असतंस रं? मी अशी गोळी दिली असती तर लायसन गेलं असतं माझं!"

"तुला हाय म्हणून जाईल. माझं काय जातंय?"

रवळूला राग यायला हवा होता. आला तो हेवा. चुकायला परवाना लागत नाही, असा धंदा आपल्याला कुणी सुचवलाच नव्हता.

घरी आल्यावर त्यानं आईला बजावलं, "हितनं पुढं गोळी मला विचारून घ्यायची."

"तू कवा विचारलास रं मला? पाकिटावर पेननं सूर्य-चंद्र काढून ठेवतोस आनि जातोस. त्यो बोलतोय तरी."

तेवढ्यात फोन बोलला. आई लई गोड हसली, रवळूकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात बसून अर्ज लिहिला. गाव सीमाभागातलं, म्हणून मराठीत एक, कन्नडात एक. असल्या अर्जासाठी सरकारात खातंच नसल्यानं वर 'संबंधित अधिकारी' घातलं. शेवटी लिहिलं: "तरी संगणकाचं काम करणाऱ्यांचीही आमच्यासारखी नोंदणी व्हावी व चुकल्यास ती रद्द व्हावी. आणि तसा कायदा होईतोवर अर्जदाराच्या आईने, अर्जदार घरात हजर असताना, गोळी अर्जदाराच्या हातूनच घ्यावी, ही नम्र विनंती."